आयर्लंड जोडायला निघालेल्यांनी गोव्याचा कौल आठवावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत आयर्लंडच्या, म्हणजे ब्रिटनकडे असलेला उत्तर आयर्लंड आणि स्वतंत्र आयर्लंड प्रजासत्ताक यांच्या, एकीकरणावर लेख आला, मागोमाग वाचकांची पत्रंही आली. सगळ्यांचा सूर एकच. ब्रेक्झिट करून इंग्रजांनी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला, उत्तर आयर्लंडात बहुतेक एकीकरणाच्या बाजूचे असलेले कॅथलिक बहुसंख्य झाले, एकीकरण मागणारा शिन फेन पहिल्या क्रमांकाचा पक्ष ठरला, तेव्हा २०३० पर्यंत आयर्लंड एक होणार, मुहूर्त तेवढा काढायचा बाकी. एका पत्रात तर याचं श्रेय थेट आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकरांना, म्हणजे पर्यायानं त्यांच्या घराण्याच्या, मालवण तालुक्यातल्या वराड गावाला देऊन टाकलं आहे.

मी कुडाळचा. वराडचं कौतुक मलाही आहे. २०१९ च्या डिसेंबरात वराडकर गावी येऊन गेले तेव्हा आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसभर दुसरा विषय नव्हता. पण पंधराएक वर्षं झाली, मी न्यूरीत राहतो. हे शहर सीमेला लागून, ब्रिटनच्या बाजूला. गाडी काढली की पाव तासाच्या आत माणूस आयर्लंड प्रजासत्ताकात. मालवाहतूक कंपनीच्या कचेरीत ट्रकचे कागद करणं हे माझं काम. ब्रेक्झिट मला भाषणांपेक्षा फॉर्मांतून जास्त कळला, म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी आकडे. कॅथलिक बहुसंख्य झालेले नाहीत. २०२१ च्या जनगणनेत कॅथलिक घरात वाढलेले ४५.७ टक्के आणि प्रोटेस्टंट किंवा इतर ख्रिस्ती घरात वाढलेले ४३.५ टक्के निघाले. पुढे गेले हे खरं, पण निम्म्याच्या वर कुणीच नाही. त्याच जनगणनेत ‘तुम्ही स्वतःला कोण समजता’ हेही विचारलं होतं. फक्त ब्रिटिश म्हणवणारे ३१.९ टक्के, फक्त आयरिश २९.१ आणि फक्त ‘नॉर्दर्न आयरिश’ १९.८. हे शेवटचे वीस टक्के लेखात कुठेच दिसत नाहीत, आणि निकाल लागणार तो त्यांच्यावर. विधानसभेचंही तसंच. २०२२ मध्ये ९० जागांपैकी शिन फेनला २७, ब्रिटनमध्येच राहू म्हणणाऱ्या डीयूपीला २५ आणि या भांडणात कुठलीच बाजू न घेणाऱ्या अलायन्स पक्षाला १७ जागा मिळाल्या. २७ जागांवर पहिला नंबर येतो; देश बदलत नाही.

पक्षाला दिलेलं मत वेगळं आणि देश बदलायला दिलेलं मत वेगळं, हे सिंधुदुर्गातल्या माणसाला तरी कुणी सांगायला नको. गोव्यात १९६३ मध्ये महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष विलीनीकरणाच्या मुद्द्यावर सत्तेत आला. आमच्याकडे तेव्हा लोकांनी गोवा महाराष्ट्रात आलाच असं धरून टाकलं होतं. मग १६ जानेवारी १९६७ ला प्रत्यक्ष कौल घेतला, तर विलीनीकरण ३४,०२१ मतांनी हरलं. आणि गंमत पुढेच आहे. अडीच महिन्यांच्या आत त्याच मतदारांनी भाऊसाहेब बांदोडकरांच्या पक्षाला पुन्हा सत्ता दिली! माणूस आमचा, पक्ष आमचा, पण विलीनीकरण नको. हे नुसत्या ख्रिस्ती मतांवर झालं नाही, कित्येक हिंदूंनीही वेगळं राहण्याच्या बाजूनं मत दिलं होतं. कोकणीचं काय होणार, नोकऱ्या कुणाला मिळणार, कारभार मुंबईहून चालणार का, या प्रश्नांवर विलीनीकरणवाल्यांकडे ‘आपण एकच आहोत’ यापलीकडे धड उत्तर नव्हतं. माझ्या आजोबांना तो निकाल शेवटपर्यंत पटला नाही. त्यांच्या मते गोवेकर फसले. गोवेकरांना काय हवंय हे आधी विचारायला हवं होतं, हे मात्र त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही.

न्यूरीतही मला असे बरेच आजोबा भेटतात.

आता ब्रेक्झिटकडे येतो. २३ जून २०१६ ला उत्तर आयर्लंडनं ५५.८ टक्के मतांनी युरोपीय संघात राहायचं ठरवलं. डेरीकडच्या फॉइल मतदारसंघात राहू म्हणणारे ७८ टक्के, तर उत्तर अँट्रिममध्ये बाहेर पडू म्हणणारे ६२ टक्के. मीही मत दिलं, भारतीय पासपोर्टवर. राष्ट्रकुलातल्या देशांचे नागरिक ब्रिटनमध्ये राहत असतील तर त्यांना मताचा हक्क होता. आमच्याकडे ट्रक चालवणारा पोलिश माणूस माझ्या आधीपासून इथे राहतो, कर भरतो. त्याला हक्क नव्हता, आणि खड्ड्यात जाणार होता तो त्याचाच हक्क. मतपत्रिकेवर प्रश्न एका ओळीचा होता. राहायचं की बाहेर पडायचं, एवढाच. बाहेर पडलं तर आमच्या दारातल्या पाचेकशे किलोमीटरच्या सीमेचं काय, याचं अक्षरसुद्धा त्यात नव्हतं आणि प्रचारातही फारसं नव्हतं.

या सीमेवर तपासणी नाकी पुन्हा उभी करणं कुणालाच शक्य नव्हतं. का, ते इथल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. २२ ऑगस्ट १९७२ ला न्यूरीजवळच्या जकात नाक्यावर, ब्रिटिश सत्तेविरुद्ध सशस्त्र लढणाऱ्या आयआरए संघटनेचा बॉम्ब वेळेआधी फुटला आणि नऊ माणसं गेली. बॉम्ब आणणारे तिघं, नाक्यावरचे चार कर्मचारी आणि दोन ट्रकचालक. त्या सहा जणांचं काम म्हणजे रोज मी करतो तेच काम. २०१८ च्या ऑक्टोबरात ब्रसेल्सच्या शिखर बैठकीत वराडकरांनी या स्फोटाच्या बातमीचं वर्तमानपत्र इतर नेत्यांपुढे धरलं होतं. ते त्यांनी योग्यच केलं. त्यांच्या कारकिर्दीतलं मला सर्वांत पटलेलं काम तेच.

पण जमिनीवरून उचललेली सीमा हवेत विरत नाही. ती नेऊन ब्रिटनचं मुख्य बेट आणि उत्तर आयर्लंड यांच्यामधल्या समुद्रात ठेवली. १ जानेवारी २०२१ पासून स्कॉटलंडच्या केर्नरायनहून इकडच्या लार्नला बोटीनं येणाऱ्या मालाला कागद लागू लागले. त्या महिन्यात आम्ही कचेरीत अक्षरशः जेवायला उठत नव्हतो. एका ट्रकात दहा दुकानांचा माल असतो. बिस्किटं, कुत्र्याचं खाणं, फुलांचे कंद, गोठवलेलं चिकन. प्रत्येक वस्तूचा वेगळा कोड, मांसाला पशुवैद्याची सही. एका खोक्याचा कागद चुकला की अख्खा ट्रक बंदरावर उभा.

त्याच सुमारास बॅलीमेनाकडच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. स्कॉटलंडमधल्या लिलावात त्यानं जुना ट्रॅक्टर घेतला होता. मी त्याला सांगितलं, चाकांना मातीचा कण राहता कामा नये, धुऊन घ्या, मातीविरहित असल्याचा दाखला आणा, मगच बोटीवर चढेल. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाला, “हा माझ्या देशातून माझ्याच देशात येतोय ना?” मी होय म्हणालो. दुसरं काय म्हणणार? बोलता बोलता त्यानं स्वतःच सांगितलं की ब्रेक्झिटला त्याचं मत होतं. म्हणजे करावं तसं भरावं, असं आपल्या पत्रलेखकांसारखं मलाही म्हणता आलं असतं. डीयूपीबद्दल तर मी तसंच म्हणेन. ब्रेक्झिटचा प्रचार त्यांनी केला, पंतप्रधान थेरेसा मे यांच्या सरकारला टेकू देऊन शंभर कोटी पौंड पदरात पाडले, तिचाच करार हाणून पाडला आणि मग तिच्यानंतर आलेल्या बोरिस जॉन्सननं ही समुद्रातली सीमा मान्य करून फसवलं म्हणून गळा काढला. त्या पक्षासाठी माझ्याकडे दोन अश्रूही नाहीत. पण ट्रॅक्टरवाल्याची गोष्ट निराळी. त्याला न विचारता त्याच्या आणि त्याच्या देशाच्या मध्ये कुणीतरी रेघ ओढली. आयरिश राष्ट्रवादी शंभर वर्षं नेमकी हीच तक्रार करत आले आहेत! ती त्यांनी तरी ओळखायला हवी होती. ओळखणारे थोडे भेटले, हसणारे जास्त.

ब्रिटन आणि युरोपीय संघ यांच्यातल्या २०२३ च्या विंडसर करारानं बरीच कटकट कमी झाली, हे मी कागदांच्या गठ्ठ्यावरून सांगू शकतो. पण समुद्रातल्या सीमेच्या निषेधात डीयूपीनं घातलेल्या बहिष्कारानं फेब्रुवारी २०२२ पासून दोन वर्षं इथलं सरकारच बंद होतं. दवाखान्यांच्या प्रतीक्षायाद्या वाढत राहिल्या आणि निर्णय घ्यायला मंत्रीच नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये मिशेल ओ’नील फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे इथल्या मुख्यमंत्री, झाल्या. शिन फेनची व्यक्ती त्या खुर्चीत बसणं ही मोठी गोष्ट होती, यात शंका नाही.

२०३० बद्दलही आपल्या लेखात गफलत आहे. ती शिन फेनची मागणी आहे, कुणी तारीख जाहीर केलेली नाही. १९९८ च्या गुड फ्रायडे शांतता करारावरून झालेल्या कायद्यात एवढंच आहे की बहुमत एकीकरणाच्या बाजूनं पडेल असं ब्रिटनच्या मंत्र्याला वाटलं, तर त्यानं मतदान घ्यावं. कशावरून वाटलं, हे लिहिलेलं नाही. कौल विरोधात गेला तर पुढची सात वर्षं पुन्हा विचारता येत नाही. दक्षिणेतही लोकांची संमती घ्यावी लागणार. आयरिश टाइम्सनं संशोधकांबरोबर केलेल्या पाहण्यांत अलीकडेपर्यंत उत्तरेत साधारण निम्मे लोक विरोधात आणि तिसरा हिस्सा बाजूनं दिसत आलाय. अंतर कमी होतंय, पण अजून आहे. आणि समजा उद्या ५० टक्के अधिक एक मत पडलं, तरी पुढे काय? १९७३ मध्ये असा कौल घेतला होता. राष्ट्रवाद्यांनी बहिष्कार घातला आणि ब्रिटनच्या बाजूनं ९८.९ टक्के मतं पडली. त्या आकड्यानं एक गोळी थांबली नाही.

घोडं पेंड खातं ते इथेच. न्यूरीत डॉक्टरकडे गेलं तर पैसे लागत नाहीत, औषधंही फुकट. नंबर कधी लागेल ते विचारू नका. सीमेपलीकडच्या डंडॉकला मोफत उपचारांचं मेडिकल कार्ड नसेल तर नुसतं डॉक्टरला भेटायचे पन्नास-साठ युरो. एकीकरणानंतर यातलं काय राहणार? पेन्शन लंडन देणार की डब्लिन? खर्चाच्या आकड्यांवरून अर्थतज्ज्ञांतच जुंपलेली आहे. एका अहवालात वर्षाला वीस अब्ज युरोपर्यंतचा आकडा निघाला, तर दुसऱ्यांनी तो अवाच्या सवा ठरवला. आमच्या कचेरीत झेंड्यावरून कुणी भांडत नाही, भांडण होतं ते या प्रश्नांवरून. आणि कॅथलिक सहकारीसुद्धा पेन्शनचं नाव काढलं की गप्प होतात.

आमच्यासारख्यांचं तर आणखीनच विचित्र. ‘उघडी सीमा’ म्हणून जिचं जगभर कौतुक होतं ती मला उघडी नाही. ब्रिटनमध्ये कायम राहण्याचा परवाना असला तरी भारतीय पासपोर्टवर डंडॉकला जायला आयर्लंडचा वेगळा व्हिसा लागतो. बेलफास्ट-डब्लिन बसमध्ये आणि गाडीत अधूनमधून कागद तपासतात, आणि कुणाचे तपासतात हे सांगायला नको. माझी मुलगी इथे जन्मली, तिच्याकडे दोन्ही पासपोर्ट आहेत, ती मनात येईल तेव्हा पलीकडे जाते. ब्रेक्झिटवर माझं मत चाललं, पण सीमेपलीकडे मी चालत नाही! ऑगस्ट २०२४ मध्ये बेलफास्टला परदेशी लोकांविरुद्ध निदर्शनं झाली तेव्हा डब्लिनहून आलेली माणसं आयरिश झेंडा घेऊन युनियन जॅकवाल्यांच्या शेजारी उभी होती. आयर्लंडचं एकीकरण मी आजवर पाहिलं ते एवढंच.

तरीही उद्या मतदान झालं आणि मला हक्क मिळाला, तर मी एकीकरणाकडेच झुकेन. निम्मे ट्रक सीमा ओलांडून जातात, वीज आणि दूध दोन्हीकडचं एकमेकांत मिसळलेलं आहे, लंडनला आमची आठवण निवडणुकीत टेकू लागला की येते. पण आधी आराखडा छापा, घरोघरी वाटा, बॅलीमेनाच्या त्या शेतकऱ्याला समोर बसवून त्याच्या हरकती लिहून घ्या, आणि मग विचारा. एका ओळीच्या प्रश्नाचे कागद मी पाच वर्षं भरतोय.

आपला,
एक वाचक
न्यूरी, उत्तर आयर्लंड (मूळ गाव कुडाळ)

ता. क. लेखासोबतच्या नकाशात सगळा अल्स्टर प्रांत ब्रिटनच्या रंगात रंगवला आहे. अल्स्टरमध्ये नऊ काउंट्या आहेत, ब्रिटनकडे त्यातल्या सहाच. डोनेगल, कॅव्हन आणि मोनाघन १९२१ पासून डब्लिनकडे आहेत, कारण नऊच्या नऊ घेतल्या असत्या तर प्रोटेस्टंटांचं बहुमत डळमळीत झालं असतं. बेटाचं सर्वांत उत्तरेचं टोक, मॅलिन हेड, डोनेगलमध्ये म्हणजे ‘दक्षिणे’त आहे. पुढच्या अंकात नकाशा दुरुस्त करून छापावा, ही विनंती.