घाम येत असतानाही उष्माघात होतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला उष्माघातावरचा लेख वाचला आणि राहवले नाही म्हणून लिहीत आहे. अंग कोरडे पडले, घाम यायचा थांबला की उष्माघात समजावा आणि रुग्णाला ताबडतोब दवाखान्यात हलवावे, असे आपण ठळक चौकटीत छापले आहे. खाली 'अंगावर एकदम गार पाणी ओतू नये' हेही आहे. लेख लोक विसरतात, पण चौकट कापून भिंतीला लावतात. तिच्यातली चूक कोणाच्या तरी जिवावर बेतू शकते.

कोरडे अंग ही खूण उकाड्यात घरात पडून राहिलेल्या वृद्धांत बऱ्याचदा दिसते. पण राबताना, पळताना, ओझी वाहताना ज्याला उष्माघात होतो, तो पुष्कळदा घामाने निथळत असतो. शरीराचे आतले तापमान 40 अंशांच्या वर गेले आणि माणूस बरळायला लागला, झोकांड्या खायला लागला, विनाकारण अंगावर धावून यायला लागला की झाला उष्माघात. मग घाम असो वा नसो.

माझा भाचा गोदामात पोती वाहायचा. वर पत्रा, वारा कुठूनच नाही. त्या दुपारी त्याच्या कोपरांवरून घाम ठिबकत होता आणि तो एकाच पोत्याचे तोंड पुन्हा पुन्हा बांधत होता. बांधायचा, सोडायचा, परत बांधायचा. मुकादमाला त्याने 'अण्णा' म्हणून हाक मारली. अण्णा म्हणजे त्याचे वडील, ते जाऊन वर्षे झाली. मुकादम म्हणाला, "घाम येतोय ना, मग ऊन लागलेलं नाही. रात्रीची उतरली नसेल." पोरगा दारूला शिवत नाही. तो कोसळल्यावर त्याला पोत्यांवर आडवे केले, तापाची गोळी दिली आणि सगळे गाडीची वाट बघत बसले. दाराशीच पाण्याने भरलेला पिंप होता. त्यातला एक तांब्यासुद्धा कोणी त्याच्या अंगावर ओतला नाही, कारण 'तापलेल्या अंगावर पाणी घालू नये' हे सगळ्यांनी कुठेतरी वाचलेले किंवा ऐकलेले होते.

तो वाचला. पण स्नायू विरघळून मूत्रपिंडे बंद पडली, काही काळ डायलिसिसवर काढावा लागला. आज त्याची मूत्रपिंडे बरी आहेत, पण चालताना तोल जातो आणि जीभ जड झाली आहे. तोल सांभाळणारा लहान मेंदू उष्णतेला फार नाजूक असतो, असे डॉक्टरांनी नंतर सांगितले. वय विचाराल तर लग्नाचे.

तापाच्या गोळीचा इथे उपयोग नाही, हे तरी आपण छापायला हवे होते. तापात मेंदू स्वतःच शरीराचा पारा चढवून ठेवतो आणि गोळी तो उतरवते. उष्माघातात मेंदूने काहीच चढवलेले नसते, आत साचलेल्या उष्णतेला बाहेर पडायला वाट मिळत नाही. गोळीने फक्त आधीच पोळलेल्या यकृतावर आणखी भार पडतो. उतारा एकच, अंग गार करणे, आणि तेही जागच्या जागी, अर्ध्या तासाच्या आत. अमेरिकेतल्या फालमथ इथल्या धावण्याच्या शर्यतीत 18 वर्षांत उष्माघाताचे 274 रुग्ण झाले. त्यांना तिथेच बर्फाच्या पाण्यात बुडवले आणि एकही दगावला नाही. 2015 साली हे शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आहे. वृद्धांना असे बुडवणे सोसेलच असे नाही, त्यांचे अंग पाण्याने भिजवून जोराचा वारा घालावा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात मात्र पाणी घालू नये. आधी गार करा, मग हलवा, एवढे पाच शब्द चौकटीत मावले असते.

जनावरांना तर आपण लेखात दोन ओळी दिल्या: सावलीत बांधा, भरपूर पाणी पाजा. मी गाई-म्हशी सांभाळतो म्हणून सांगतो, उन्हाने तापलेल्या पत्र्याखालची सावली ही सावली नव्हे, तो पत्रा वरून भाजत असतो. म्हशीची कातडी काळी, केस विरळ आणि घर्मग्रंथी गाईपेक्षा कितीतरी कमी, म्हणून ती डबक्यात बसते. ती लोळण तिची घाम गाळण्याची सोय आहे, घाण करते म्हणून तिला हाकलू नये. गाईचे श्वास मिनिटाला 60 च्या वर गेले की तिला उष्णता सोसत नाही असे समजावे. मग ती बसायची बंद होते, तोंड उघडून धापा टाकते, लाळ गळते. ती लाळ पोटातले आम्ल मारण्यासाठी असते, ती बाहेर गेली की पोट बिघडते. चारा कमी खाल्ला म्हणून दूध घटते हेही पुरते खरे नाही; चारा कमी गेल्याने होणारी घट फार तर निम्मी, बाकीची उष्णतेने थेट होते. आणि गाभण गाय शेवटच्या दोन महिन्यांत तापली, तर पुढच्या वेताचे दूध कमी होते, वासरूही हलके जन्मते. कोंबडीला तर घामच येत नाही. ती धापा टाकून टाकून रक्तातला कार्बन डायऑक्साइड गमावते आणि अंड्याचे कवच पातळ पडते.

गाय असो, कुत्रा असो, शर्यतीचा घोडा असो, कोसळण्याच्या बेताला आलेल्या जनावरालाही नियम तोच. पाणी कातडीपर्यंत पोहोचेल इतके ओता आणि वारा घाला. ओला टॉवेल गुंडाळून ठेवला तर तो थोड्याच वेळात गरम होतो आणि उष्णता आतच अडकते. कोंदट गोठ्यात नुसते तुषार उडवले तर दमटपणाच वाढतो.

जाता जाता आणखी एक. हवामानाच्या सदरात आपण फक्त कमाल तापमान छापता. 25 अंशांना 50 टक्के आर्द्रता असली तरी दुभत्या गाईचा उष्मा निर्देशांक, म्हणजे तापमान आणि आर्द्रता मिळून काढलेला आकडा, 72 च्या आसपास जातो आणि तिथून दूध उतरू लागते. दमट हवेत घाम वाळत नाही आणि न वाळलेला घाम शरीराला गार करत नाही. रात्रही तापलेली राहिली तर माणूस आणि जनावर दोघांचेही दुसऱ्या दिवशीचे सोसणे कमी होते. आर्द्रता आणि रात्रीचे किमान तापमान असे दोन आकडे वाढवायला किती जागा लागते?

दुरुस्त केलेली चौकट त्याच पानावर, तितक्याच ठळक अक्षरांत छापावी, ही विनंती.

कळावे,
आपला जुना वाचक, एक पशुपालक