सामान वागणूक

प्रिय मनू,

काल फोनवर तू घाईत आणि माझ्या मागे कुकरच्या शिट्ट्या, त्यामुळे धड बोलणंच झालं नाही, म्हणून म्हटलं बसून टाइप करूनच पाठवावं. मोठं होणार आहे, जेवताना वाचू नकोस, डबा तसाच राहतो तुझा.

तुझा प्रश्न एवढाच होता ना, की पाय गेलेल्या त्या ड्रायव्हरने सक्तीने निवृत्त केल्याची तक्रार केली, तिच्या चौकशीला ज्या साहेबांना तू पाठवलंस ते तुझ्यापेक्षा बारा वर्षांनी सीनियर, त्यांनी "तक्रारीत तथ्य आढळून येत नाही, सबब अर्ज निकाली काढण्यात यावा" असं लिहून दिलंय आणि तुझा हात काही सहीला उचलत नाहीये, तर अहवाल परत पाठवू का? पाठव. आणि सीनियर-ज्युनियरचं म्हणशील तर कायदा काढून बघ, 2016 चा दिव्यांग हक्क कायदा, कलम 23. तक्रार निवारण अधिकारी तू आहेस, चौकशी करायची जबाबदारी तुझ्या नावावर आहे, त्या साहेबांनी तुला फक्त माहिती गोळा करून दिली. उद्या तो ड्रायव्हर दिव्यांगांसाठीच्या जिल्हा समितीकडे गेला तर तिथे उत्तर तू देणार, ते नाही.

आता माझी एक गोष्ट सांगते जी मी तुला कधीच सांगितली नव्हती, कारण लाज वाटायची. मी तुझ्याच खुर्चीवर असताना आमच्या ऑफिसात एक कनिष्ठ लिपिक होता, अल्पदृष्टी, कागद अगदी नाकाला टेकवून वाचायचा. त्याला बारनिशीला बसवलेलं, म्हणजे दिवसभर बारीक अक्षरातली पत्रं बघून रजिस्टरला नोंदी करायच्या. त्याने मोठा मॉनिटर मागितला तर "निधी उपलब्ध नाही", काम बदलून मागितलं तर उत्तरच नाही, आणि वर्षाच्या शेवटी शेरा काय, तर "कामात गती नाही". त्याने रीतसर तक्रार केली. मी एका अधिकाऱ्याला चौकशी दिली, त्याने पाच जणांचे जबाब जोडून अहवाल दिला की भेदभाव नाही. मार्च एंड चालू होता ग, टेबलावर नस्त्या-फायलींचा ढीग, मी शेवटचं पान वाचलं आणि सही ठोकली.

आठवड्याने तो स्वतः केबिनमध्ये आला. भांडायला नाही हां, हातात अहवालाची प्रत. म्हणाला, मॅडम, तुम्ही जबाब वाचलेत का? मी म्हटलं वाचले, मी खोटंच बोलले. मग त्याने कागद डोळ्याला लावला आणि एकेक जबाब वाचून दाखवायला लागला. पाचही जबाबांत एकच वाक्य, "कार्यालयात सर्वांना सामान वागणूक देण्यात येते". समान नाही, सामान. पाच वेगवेगळी माणसं, पाच वेगळे दिवस दाखवलेले आणि चूक एकाच जागी एकच. म्हणजे जबाब कोणी दिलेच नव्हते, एकाने टाइप करून पाच प्रिंट काढल्या आणि सह्या घेतल्या. मला धड दिसत असून दिसलं नाही आणि त्याला दिसलं. जाताना दारात म्हणाला, "मॅडम, सामानासारखी वागणूक देतात, तेवढं मात्र बरोबर लिहिलंय."

त्या रात्री मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी माझ्याच सहीच्या खाली मीच टिपणी लिहिली की प्रकरण फेरतपासणीस घेत आहे. ऑफिसात चर्चा झालीच, मॅडमची पलटी वगैरे. होऊ दे म्हटलं.

पण त्या दुसऱ्या फेरीत मी एक गोष्ट शिकले. पहिल्या अहवालात सगळी चौकशी त्या लिपिकाचीच झाली होती, तो किती उशिरा येतो, किती चुका करतो, स्वभाव कसा आहे, याआधी किती अर्ज केलेत. तक्रार होती ऑफिसबद्दल आणि तपासला गेला तक्रार करणारा. तर दुसऱ्यांदा मी त्याच्याबद्दल एक अक्षर विचारलं नाही, बाकीच्यांना काय दिलं तेवढं मागवलं. तीन वर्षांचे कामवाटपाचे आदेश, कोणाचं टेबल कितीदा बदललं, मॉनिटर-खरेदीची नस्ती, आणि इतर लिपिकांचे त्याच वर्षीचे शेरे. निधी नाही असं ज्या महिन्यात लिहिलं त्याच महिन्यात तीन मोठे मॉनिटर आले होते, त्यातला एक नुसत्या सीसीटीव्हीला लावलेला. आणि अक्षरं मोठी करणारा मॅग्निफायर विंडोजमध्ये फुकटच असतो, वाचून दाखवणारं एनव्हीडीए सुद्धा फुकट. निधीचा प्रश्नच कुठे आला? कोणी दोन मिनिटं काढून चालू करून दिलं नाही इतकंच.

पूर्वी भेदभाव नियमातच छापलेला असायचा बघ. परराष्ट्र सेवेतल्या बाईने लग्न करायचं तर सरकारची लेखी परवानगी घ्यायची, असा नियम होता, त्याच सेवेतल्या सी. बी. मुथम्मा कोर्टात गेल्या आणि 1979 साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सरकारला त्यावर चांगलंच सुनावलं. तो नियम निदान वाचता तरी येत होता. आता कोणी असलं काही कागदावर लिहीत नाही, त्यामुळे तुला दोन कागद शेजारी शेजारी ठेवून मधली फट बघावी लागते.

आता तुझ्या ड्रायव्हरचं. अपघातात पाय गेला, आणि अहवाल म्हणतो त्याने "स्वखुशीने" स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला, सक्ती केलेली नाही. बरं. मग तो अर्ज कोणाच्या अक्षरात आहे? टाइप केलेला असेल तर कोणी केला? त्या दिवशी तो ऑफिसात होता की हॉस्पिटलमध्ये, रजेचे कागद काय सांगतात? आणि सगळ्यात महत्त्वाचं, अर्ज घ्यायच्या आधी कोणी त्याला लेखी सांगितलं का की बाबा रे, त्याच 2016 च्या कायद्याच्या कलम 20 प्रमाणे नोकरीत असताना अपंगत्व आलं तर तुला काढताही येत नाही आणि खालच्या पदावर टाकताही येत नाही, ड्रायव्हिंग जमणार नसेल तर त्याच पगारावर दुसरं पद, ते नसेल तर पद मिळेपर्यंत किंवा रिटायर होईपर्यंत अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांहून जास्तीचं पद? हे काही आजचं नाही, 1995 च्या कायद्यातही होतं आणि 2003 साली कुणाल सिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टाने पाय गमावलेल्या शिपायाच्या बाजूने हेच सांगितलं. हे माहीतच नसताना दिलेल्या अर्जाला स्वखुशी कसं म्हणायचं ते त्या साहेबांना विचार. तोंडी नको, टिपणीवर, चार प्रश्न आणि उत्तराची तारीख. भाषा गोड ठेव, "कृपया स्पष्ट व्हावे" एवढंच. सीनियर माणसाला सुटायला वाट ठेवावी, नाहीतर तो अहवाल सोडून स्वतःचा मान वाचवत बसतो.

आणि ड्रायव्हरला स्वतः भेट. त्याच्या साहेबांच्या केबिनमध्ये नाही, तुझ्याकडेही नको जर जिना चढायचा असेल तर, तळमजल्यावर कुठेतरी खुर्ची टाक. त्याचा जबाब त्याच्या शब्दांत लिहून घे, त्याला वाचून दाखव, मग सही.

दोन आठवड्यांच्या मुदतीची धाकधूक मला कळते, कायद्यात आहेच ती. पण मुदत पाळायची म्हणून समोरच्या बाजूचं ऐकायचं गाळू नकोस, ज्याच्यावर तक्रार आहे तो शाखाप्रमुख कितीही डोक्यात गेला तरी. गोवा विद्यापीठातलं प्रकरण वाच, तक्रारी लैंगिक छळाच्या होत्या, 2009 मध्ये समितीने 18 बैठका घेतल्या, बहुतेक मे महिन्यात लागोपाठ, आणि मे 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यावरून झालेली कारवाई रद्द केली, का तर घाईघाईत समोरच्याला बाजू मांडायची नीट संधीच दिली नाही. प्रकरण परत समितीकडे, चौदा वर्षांनी! ज्या मुलींनी तक्रार केली त्यांचं काय झालं असेल सांग. मी तो निकाल रिटायर झाल्यावर वाचला आणि माझ्या कितीतरी फायली डोळ्यासमोरून गेल्या.

एक राहिलंच. त्या लिपिकाला मॉनिटर मिळाला, टेबल बदललं, मी खूश, नस्ती बंद. सहा महिन्यांनी कळलं की त्याला रेकॉर्ड रूमला पाठवलंय, "त्याच्याच सोयीसाठी", जिथे खिडकी नाही आणि ट्यूबलाइट फडफडते. मला कळलं ते पण शिपायाने चहा आणताना सहज सांगितलं म्हणून. तर तुझ्या तक्रार-रजिस्टरमध्ये निकालाच्या पुढे अजून एक रकाना आख, तीन महिन्यांनंतरची तारीख टाक आणि त्या दिवशी फक्त बघ, तो माणूस कुठे बसतोय, कोणतं काम करतोय आणि त्या वर्षीचा शेरा कोणी लिहिलाय.

परत पाठवायची टिपणी लिहून झाली की मला वाचून दाखव, व्याकरणासाठी नाही, उगाच. साडेनवाच्या आत फोन कर, बाबा हल्ली लवकर झोपतात आणि स्पीकरवर ऐकल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. शेंगदाण्याची चटणी कुरिअर केलीये, डबा परत आण.

आई