पोट टेन्शननंच सुटतं असं नाही

संपादक साहेब, नमस्कार.

टेन्शनमुळं कॉर्टिसॉल वाढतं न् पोट सुटतं असा लेख तुमच्या पुरवणीत वाचला, चांगला होता पण सगळा ऑफिसात बसणाऱ्या चाळिशीतल्या माणसावरच. माझं जिंतूरला मेडिकल आहे आणि हाच हार्मोन मला काउंटरवर रोज दिसतो. बाजारच्या दिवशी गुडघेदुखीची म्हातारी माणसं पेपरच्या कागदातली पुडी सोडून दाखवतात, "ही बारकी पांढरी दे बाबा, हिनंच आराम पडायला." ती बऱ्याचदा डेक्सामेथासोन निघते, म्हणजे कॉर्टिसॉलचाच कारखान्यात बनलेला थोरला भाऊ, ताकद जवळपास 25 पट. चिठ्ठी मागितली की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं, ते जाऊ द्या.

चाळिशीत कॉर्टिसॉलनं चरबी पोटात आतड्याभोवती साचते हे लेखात आलंच. पण म्हातारपणी मांस आधीच झडत असतं, त्यात हे औषध मांस मोडून त्याची साखर करतं, पहिला फटका मांड्यांना आणि खांद्यांना, हाडंबी ठिसूळ होतात. मग आजीचा चेहरा गोल भरल्यासारखा दिसतो, घरचे म्हणतात तब्येत सुधरली, अन् आजीला भिंत धरल्याशिवाय खालून उठता येत नाही. लेकरांचं अजून वेगळं. दम्यासाठी म्हणून कुणीतरी महिनोन्‌महिने ह्याच जातीच्या गोळ्या चालू ठेवतं, गाल वर येतात, आई खूश, पण उंची थांबलेली असते. नुसतं जास्त खाऊन जाडजूड झालेलं पोरगं बहुतेक वेळा उंचीलाही वाढतं, वजन वाढायलंय पण उंची अडली असं दिसलं तर सरळ बालरोगतज्ज्ञाकडं जावं.

औषध वाईट नाही हो. 2020 मध्ये ऑक्सिजनवरच्या कोविड पेशंटचे जीव ह्याच गोळीनं वाचले, आणि दम्याचा पंप तर घाबरून अजिबात बंद करू नये, त्यात ह्याच जातीचं औषध असलं तरी डोस लई कमी असतो. आणि हे वाचून कुणी पुडी एकदम सोडू नका, बरेच दिवस खाल्ल्यावर शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल बनवायचं विसरलेलं असतं, अचानक बंद केली की बीपी पडून माणूस दगावू शकतो, डॉक्टरला पुडी दाखवून हळूहळू कमी करावी लागते.

तेव्हा पुढचा लेख पुडीवर छापा, आणि अन्न व औषध प्रशासनानं आठवडी बाजारातल्या पुड्यांचे नमुने एकदा तरी उचलावेत.

— एक मेडिकलवाला, जिंतूर, जि. परभणी