‘उन्हाळी’ म्हणून अंगावर काढू नये

संपादक महोदय,

लघवीला जळजळ झाली की आपल्याकडे ‘उन्हाळी लागली’ म्हणून धने-जिऱ्याचे पाणी दिले जाते. त्याने थोडा आराम पडतोही. परंतु घटकाघटकाला थेंब थेंब लघवी होणे, ओटीपोट दुखणे, लघवी गढूळ किंवा लालसर दिसणे ही मूत्राशयाच्या जंतुसंसर्गाची लक्षणे असू शकतात. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटरचा असल्याने आतड्यातील ई. कोलाय हे जिवाणू तेथे सहज पोहोचतात.

गेल्या मे महिन्यात माझ्या सासूबाई अचानक असंबद्ध बोलू लागल्या, मध्यरात्री उठून विझलेल्या शेगडीवर चहाचे आधण ठेवू लागल्या. जळजळीची तक्रार नसल्याने आम्ही ते वयावर ढकलले. ताप चढल्यावर केलेल्या तपासणीत लघवीत पू-पेशी भरपूर निघाल्या, तेव्हा हा लघवीचा जंतुसंसर्गच असल्याचे उमगले. ही चुटपुट अजून जात नाही.

जुन्या चिठ्ठीवर औषधाच्या दुकानातून प्रतिजैविके आणणे आणि दोन गोळ्यांनी बरे वाटताच उरलेल्या डब्यात ठेवणे, ही सवय फार घातक आहे, कारण त्यातूनच औषधाला दाद न देणारे जिवाणू फोफावतात. संसर्ग वारंवार होत असल्यास, तसेच गरोदर स्त्रिया व पुरुष यांच्या बाबतीत, पहिल्या गोळीआधीच कल्चरसाठी (लघवीतील जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीसाठी) लघवीचा नमुना द्यावा. थंडी वाजून ताप, कुशीत कळा आणि उलट्या असतील, तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

— एक वाचक, सातारा