तुमच्या सर्व्हरसाठी आमच्या मशीनची सुरक्षा खाली आणणार नाही

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ईमेल होस्टिंग विभाग

विषय: सर्व्हर बदलल्यापासून बंद असलेली सुरक्षित मेल जोडणी आणि त्यावर तुमच्या सपोर्टने दिलेले धोकादायक सल्ले

महोदय,

परळमधल्या एका पॅथॉलॉजी लॅबची संगणक व्यवस्था मी सांभाळते. लॅबचे सगळे मेलबॉक्स तुमच्याकडे आहेत आणि वर्षाचे पैसे आम्ही आगाऊ भरलेले आहेत. गेल्या महिन्यात तुम्ही आमची खाती दुसऱ्या सर्व्हरवर हलवलीत. त्या रात्रीपासून आमच्या मशीनवरून एकही मेल जात नाही की येत नाही. वेबमेल तेवढं चालतं.

वेबमेल चालतंय म्हणजे काम चालू आहे, असं तुमच्या सपोर्टचं म्हणणं. आमच्याकडे येणारे बरेच रुग्ण मुंबईचे नसतात. केईएम किंवा टाटा रुग्णालयात उपचारासाठी आलेली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, जळगावकडची माणसं रक्त देऊन रात्रीच्या गाडीने गावी जातात, रिपोर्ट त्यांना आणि त्यांच्या डॉक्टरांना मेलने जातो. पायथनमधला एक छोटा प्रोग्रॅम तो आपोआप योग्य पत्त्यावर पाठवायचा. आता आमच्या मुली एकेक पीडीएफ हाताने जोडतात. एकाच दिवशी एकाच नावाचे दोन रुग्ण येणं आमच्याकडे नेहमीचं आहे. एचआयव्हीचा किंवा बायोप्सीचा रिपोर्ट भलत्याच माणसाकडे गेला तर ते नुकसान कुणालाच भरून देता येणार नाही. म्हणून प्रत्येक मेल दोघींनी तपासल्याशिवाय पाठवायचा नाही असं ठरवलं आहे, आणि काउंटरवरची रांग जिन्यापर्यंत जाते आहे.

बिघाड कुठे आहे ते मी शोधून तुम्हाला लेखी कळवलं होतं. पुन्हा सांगते. लॅबची सगळी मशीन्स डेबियन १२ या लिनक्स सिस्टिमवर आहेत. मेल पाठवण्याच्या ४६५ आणि मेल घेण्याच्या ९९३ या दोन्ही पोर्टवर तुमचा सर्व्हर टीएलएसची, म्हणजे जोडणी एन्क्रिप्ट करणाऱ्या प्रोटोकॉलची, फक्त १.० ही आवृत्ती बोलतो. ही आवृत्ती १९९९ ची आहे. टीएलएस १.२ २००८ मध्येच आलं, १.३ ऑगस्ट २०१८ मध्ये आलं आणि मार्च २०२१ मध्ये इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफने आरएफसी ८९९६ हा दस्तऐवज काढून १.० आणि १.१ दोन्ही वापरातून बाद केले. आमच्या पायथन प्रोग्रॅमला ‘अनसपोर्टेड प्रोटोकॉल’ अशी त्रुटी येते ती यामुळेच.

‘तुमच्या लिनक्सचाच प्रॉब्लेम आहे’ हे वाक्य मला सपोर्टकडून वारंवार ऐकावं लागलं. पायथन टीएलएससाठी ओपनएसएसएल ही लायब्ररी वापरतं. आमचा मेल प्रोग्रॅम थंडरबर्ड ओपनएसएसएल वापरत नाही, ते मोझिलाचं एनएसएस वापरतं. वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेल्या या दोन स्वतंत्र लायब्ररी तुमच्या सर्व्हरला एकाच कारणासाठी नकार देत आहेत. मग दोष आमच्या बाजूला कसा?

पुढे तपासण्यासाठी, रुग्णांची काहीच माहिती नसलेल्या एका रिकाम्या मशीनवर मी तेवढ्यापुरती सुरक्षेची पातळी खाली आणून पाहिलं. तेव्हा दुसरी चूक दिसली. सर्व्हर फक्त स्वतःचं सर्टिफिकेट, म्हणजे ओळखपत्र, पाठवतो; त्याला विश्वासू मूळ सर्टिफिकेटशी जोडणारं मधलं इंटरमीडिएट पाठवतच नाही. विंडोज ते मधलं सर्टिफिकेट गरज पडल्यास स्वतःहून उतरवून घेतं, ओपनएसएसएल तसं करत नाही. त्यामुळे ‘आमच्या ऑफिसातल्या आउटलुकवर चालतं’ हे उत्तर पुरेसं नाही. पूर्ण साखळी पाठवणं हे सर्व्हरचंच काम आहे.

आता सल्ल्यांबद्दल, कारण माझी खरी तक्रार तीच आहे. पहिला सल्ला मिळाला की एन्क्रिप्शन ‘नन’ करा. तसं केल्यावर पासवर्ड बेस६४ मध्ये जातो. बेस६४ ही नुसती लिहिण्याची पद्धत आहे, वाटेत ऐकणारा कुणीही तो क्षणात उलगडू शकतो. मेलची उघडी जोडणी कालबाह्य आहे असं आयईटीएफने जानेवारी २०१८ मध्ये आरएफसी ८३१४ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. दुसरा सल्ला, सर्टिफिकेट तपासणं बंद करा. म्हणजे समोर तुमचाच सर्व्हर आहे की आणखी कुणी, हे न बघता रुग्णांचे रिपोर्ट सोपवायचे. तिसरा सल्ला, ओपनएसएसएलच्या सिस्टिमभरच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये सिक्युरिटी लेव्हल शून्य करा. ती फाइल फक्त मेलसाठी नसते. आमचा पोस्टग्रेस डेटाबेस, रात्रीचा बॅकअप, कर्ल या साधनाने होणाऱ्या जोडण्या, सगळं तिच्यावर उभं आहे. एका बिऱ्हाडाची किल्ली लागत नाही म्हणून अख्ख्या चाळीची कुलपं काढा, असा हा सल्ला आहे.

चौथा सल्ला वाचून मला सगळ्यात वाईट वाटलं: ओपनएसएसएलचं सध्याचं पॅकेज काढून जुनं १.१.१ बसवा आणि ते ‘होल्ड’ करून ठेवा, म्हणजे अपडेट येणारच नाही. मूळ प्रकल्पाने १.१.१ चा सर्वसाधारण आधार ११ सप्टेंबर २०२३ रोजी थांबवला आहे. आणि अपडेट हीच तर आमच्या सुरक्षिततेची हमी आहे. डेबियनमध्ये प्रत्येक पॅकेजची कुणीतरी जबाबदारी घेतलेली असते, बहुतेक जण ते काम स्वेच्छेने करतात. ७ एप्रिल २०१४ रोजी हार्टब्लीड ही ओपनएसएसएलमधली गंभीर त्रुटी जाहीर झाली. मूळ प्रकल्पाने १.०.१जी ही नवी आवृत्ती काढली. डेबियनच्या सुरक्षा गटाने त्याच दिवशी, आपल्या स्थिर आवृत्तीतलं १.०.१ई तसंच ठेवून, नेमकी तेवढी दुरुस्ती त्यात बसवून दिली. आकडा जुना, भोक बुजलेलं. बाकी काही न मोडता नवी दुरुस्ती अशी जुन्या आवृत्तीत बसवणं फार कष्टाचं आणि जोखमीचं काम आहे. आम्हाला ते विनामूल्य मिळतं, आणि तुमचा माणूस एका ओळीत सांगतो की ते अडवून ठेवा.

डेबियनकडूनही चुका झाल्या आहेत, आणि त्यातली एक फार मोठी. २००६ मध्ये डेबियनने ओपनएसएसएलमध्ये केलेल्या एका बदलामुळे एन्क्रिप्शनच्या किल्ल्या बनवताना लागणारी यादृच्छिकता, म्हणजे अंदाज न येणारे आकडे, जवळजवळ नाहीशी झाली. एका प्रकारच्या आणि आकाराच्या किल्लीसाठी जेमतेम ३२,७६८ शक्यता उरल्या. १३ मे २००८ रोजी त्यांनी ते जगाला जाहीर सांगितलं, कमकुवत किल्ल्या ओळखण्याचं साधन दिलं आणि बाधित किल्ल्या बदलायला लावल्या. मला तुमच्याकडून एवढाच प्रामाणिकपणा हवा आहे. तुमच्या उत्तरांत ‘आमच्या सर्व्हरवर जुना प्रोटोकॉल आहे’ हे एक वाक्य अजून आलेलं नाही.

त्यामुळे मला लेखी उत्तर हवं आहे. या सर्व्हरवर कोणती ऑपरेटिंग सिस्टिम आहे आणि तिला आज सुरक्षा अपडेट मिळतात का? टीएलएस १.२ आणि १.३ कधी सुरू होईल, सर्टिफिकेटची पूर्ण साखळी कधी बसेल? साखळीचं काम तर एका फाइलचं आहे, त्यासाठी थांबायचं कारण मला दिसत नाही. तुमच्या सपोर्टच्या सांगण्यावरून ज्या इतर ग्राहकांनी एन्क्रिप्शन बंद केलं असेल, त्यांना कळवून त्यांचे पासवर्ड बदलून घ्यावेत. तसे ग्राहक नक्की असतील, कारण हे सल्ले मला छापील मजकुरासारखे शब्दशः तेच मिळत गेले. तो मजकूर सपोर्टकडून काढून टाकावा. दुरुस्ती होईपर्यंत आमची खाती टीएलएस १.२ असलेल्या सर्व्हरवर ठेवावीत, आणि सेवा बंद राहिलेल्या काळाचं शुल्क परत करावं.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवीन आणि सर्व्हरची तांत्रिक माहिती सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला कळवीन. आमचं डोमेन दुसरीकडे नेण्यासाठी लागणारं सहकार्य तेव्हा विनाविलंब मिळावं, हेही आत्ताच लिहून ठेवते.

जोडणी तपासल्याचा पूर्ण तपशील आणि तुमच्या सपोर्टशी झालेला पत्रव्यवहार सोबत जोडला आहे.

आपली ग्राहक,
संगणक व्यवस्थापक, पॅथॉलॉजी लॅब,
परळ, मुंबई