कडुलिंबाचा पाला आणि कायद्याचा तोल

संपादक महोदय,
स. न.

‘श्रद्धा आणि उपचार यांचा तोल कायद्याने उत्तम साधला आहे’ हे कालच्या अग्रलेखातलं वाक्य मी दोनदा वाचलं. लेख अभ्यासू आहे. घटनेच्या २५ व्या कलमात धर्मस्वातंत्र्य आरोग्याच्या अधीन ठेवलंय, हेही आपण नीट सांगितलंत. पण हा तोल अजून मोहोळ तालुक्यात पोचायचाय.

दोन वर्षांपूर्वी कडब्याच्या पेंढ्या उचलताना माझ्या काकूला घोणस चावली. घरच्यांनी मोटारसायकलवर मधे बसवून तिला आधी देवळात नेलं. तिथल्या महाराजांनी कडुलिंबाचा पाला चावायला दिला. काकू म्हणाली, ‘कडू लागतोय.’ झालं! पाला कडू लागला म्हणजे विष उतरलं, असं महाराजांनी सांगून टाकलं. घोणशीचं विष रक्त बिघडवतं, जिभेची चव नाही, हे तिथं सांगणार कोण? सोलापूर गाठेपर्यंत चार तास गेले. डॉक्टरांनी काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन ठेवलं, वीस मिनिटांनी नळी तिरकी केली. रक्त पाण्यासारखं ओघळलं, गोठलंच नव्हतं. पुढे डायलिसिस, आणि दावणीची गाय बाजारात. काकू वाचली, एवढंच.

साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. मी पोलिसांकडे गेलो. साहेबांनी चहा पाजला आणि विचारलं, ‘दवाखान्यात जायला तुम्हाला कुणी अडवलं होतं का?’ नव्हतं. आम्हीच गेलो होतो, हातात नारळ घेऊन. पण ‘विष उतरलं, घरी न्या’ असं सांगणं म्हणजे रोखणं नव्हे तर काय? श्रद्धेचं मला वावडं नाही. सिद्धेश्वराची गड्डा यात्रा मी आजवर चुकवलेली नाही.

आता विषय निघालाच आहे म्हणून. कालच्याच अंकात पान ७ वर मधुमेह ‘मुळापासून’ घालवणाऱ्या एका बाबांची चौकट आहे, फोन नंबरासकट. अशा जाहिरातींना १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे, आणि तो छापणाऱ्यालाही लागू होतो. अग्रलेख लिहिणाऱ्यांनी आपलाच अंक पान ७ पर्यंत वाचत जावा, ही नम्र विनंती.

आपला,
एक जुना वर्गणीदार,
साखर पेठ, सोलापूर