अण्णांचा दाखला आणि माझा हीट पंप

एडिसन, न्यू जर्सी
२२ फेब्रुवारी २०२६

प्रिय विन्या,

दिवाळीपासून तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही, चुकलंच. आम्ही बरे आहोत, मेधाचा गुडघा तसाच. आज लिहितोय, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगून कळणार नाही.

हिवाळ्यात माळ्यावरच्या खिळ्यांच्या टोकांना बर्फ धरतो, हे तुला सांगितलं होतं. (तू म्हणालास, कुल्फी विकायला घे!) खालच्या उबदार हवेतली वाफ फटींतून वर जाऊन तिथं गोठत होती. सप्टेंबरात तपासणी करून घेतली. दाराला कापड ताणून त्यात पंखा बसवतात आणि घरातली हवा बाहेर खेचतात. मेधानं देवघरातली उदबत्ती आणली; भिंतीतल्या प्रत्येक प्लगपाशी धूर आडवा पळायला लागला.

अशा कामांना इथं टॅक्स क्रेडिट होतं. खर्चाच्या ३० टक्के, उत्पन्नातून नाही, थेट करातून वजा. इन्सुलेशन (ऊब अडवणारं अस्तर), खिडक्या वगैरे मिळून वर्षाला १२०० डॉलरपर्यंत, हीट पंपाला (बाहेरच्या हवेतली ऊब घरात आणणारं यंत्र) वेगळे २००० पर्यंत. २०२२ च्या कायद्यानं ते २०३२ पर्यंत चालायचं होतं. गेल्या जुलैत नवा कायदा आला आणि ३१ डिसेंबर २०२५ ला सगळं संपलं. नुसते पैसे भरून भागत नाही, यंत्र त्या तारखेच्या आत बसलेलं हवं.

माळ्याच्या इन्सुलेशनचं काम नोव्हेंबरात झालं. त्यात मजुरी धरत नाहीत, फक्त माल. २४०० च्या मालाचे ७२० आणि तपासणीचे १३५ मिळतील. हीट पंपाचे अर्धे पैसे मी ऑक्टोबरातच दिले होते. कंत्राटदार आज येतो, उद्या येतो. ३१ डिसेंबरला यंत्र अंगणात खोक्यातच होतं, वर चार बोटं बर्फ. ७ जानेवारीला सुरू झालं.

परवा त्याचा फोन आला. म्हणाला, "बिलावर ३० डिसेंबर घालून देतो, कोण बघतंय?" मी म्हटलं, कळवतो. नाही म्हणालो नाही, विन्या.

रात्रभर तुमचा ओटा डोळ्यांसमोर. ईबीसीच्या फीमाफीसाठी आमच्या दादांचं उत्पन्न दाखल्यावर कमी दाखवा म्हणून मी तुझ्या अण्णांपुढं हात जोडून बसलो होतो. त्यांनी खरा आकडा लिहिला, शिक्का मारला आणि म्हणाले, "शाई वाळेपर्यंत चहा घे." चहा न घेता उठलो. वर्षभर तुझ्याशी बोललो नाही. पण तू तेव्हा उठून गोठ्यात का गेलास रे? आजही वाटतं, तू तिथं थांबायला हवं होतंस.

आज सकाळी कंत्राटदाराला सांगितलं, ७ जानेवारीच घाल. २००० डॉलर गेले. जीव चरफडतोय, खोटं कशाला बोलू! रिया सप्टेंबरात कॉलेजला जायची आहे आणि ते पैसे आम्ही तिच्या फीत धरले होते. मेधाला अजून सांगितलेलं नाही. संध्याकाळी सांगेन.

तुझ्या छतावरचं सोलर बसलं का? ७८ हजारांचं अनुदान खात्यात आलं का? चिन्मयच्या नोकरीचं कळव. वहिनींना नमस्कार.

हे अण्णांना वाचून दाखव. उजव्या कानाशी, मोठ्यानं.

तुझा,
सुहास